मीटरच्या आतलं तुमचं

साहेब, तुम्ही माणसांना फसवता. हे आधीच तोंडावर सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच आशा राहायला नको. दर उन्हाळ्यात तुमची ती भोंग्याची गाडी ब्रह्मपुरीच्या गल्लीबोळांतून फिरते आणि आतून एक बाई गोड आवाजात सांगते, "नागरिकहो, आपल्या घरातील वायरिंगची नियमित तपासणी व चाचणी करून घ्या, अपघात टाळा." करून घ्या! कोणाकडून? ते ती बाई सांगत नाही. गाडी पुढं जाते, धूळ मागं राहते. तहानेल्या माणसाला "पाणी प्या, पाणी तब्येतीला चांगलं" असं सांगायचं आणि विहिरीवरचा दोर घेऊन पळून जायचं, तसला हा धंदा आहे. शहाणी माणसं तुमचं ऐकत नाहीत, म्हणून तुम्ही आजवर निभावून गेलात. पण सगळेच शहाणे नसतात. देवाजी नाकाडे यांनी ऐकलं.

देवाजी नाकाडे म्हणजे कॉलेजातले हेडक्लार्क. सूचना आली की पाळायची, हा माणसाचा पिंड. औषधाच्या बाटलीवर "वापरण्यापूर्वी हलवा" असं छापलेलं असतं म्हणून दुकानापासून घरापर्यंत बाटली हलवत आणणारा माणूस. त्यांचं घर वैनगंगा ले-आऊटमधलं शेवटचं. मागं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बांध्यांच्या पलीकडं बोडी, म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या काठापासून झुडपी जंगल सुरू. जंगल जवळ आहे म्हणून हवा चांगली, असं प्लॉट विकणाऱ्यानं सांगितलं होतं. त्याच जंगलातून रानडुकरं येतात आणि वर्षातून एखादवेळी पट्टेवाला वाघही पाणी प्यायला येतो, हे सांगायला तो विसरला होता.

आता कूलर. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. पत्र्याचा डबा, पोटात पाणी, पाण्यात मोटर आणि हे सगळं विजेवर. दुसऱ्या कोणत्याही मुलखात असं यंत्र माणसाच्या उशाशी ठेवायची कोणाची छाती होणार नाही. आमच्याकडं सत्तेचाळीस अंशाला त्याच्यावाचून माणूस जगत नाही, आणि त्याच्यापायीही दर उन्हाळ्यात काही माणसं जगत नाहीत.

देवाजींचा कूलर चार वर्षांपासून करंट मारत होता. घरानं ते स्वभाव म्हणून मान्य केलं होतं. एखाद्या घरी खाष्ट सासू असते, यांच्या घरी कूलर होता. त्याच्याजवळ रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे, तो कूलरचा जोड. बटण दाबायला लाकडी चाटू. पाणी भरायचं तर पिन बाहेर, चपला पायात आणि देवाचं नाव तोंडात. पाहुणा आला की देवाजींच्या पत्नी मंजुषाबाई पाण्याचा गिलास हातात देतानाच सांगायच्या, "बाथरूम तिकडं आहे, टावेल इथी आहे, आन कूलरले हात लावाचा नाई." पाहुणेही मान हलवायचे. त्यांच्या घरचाही तसलाच असे.

विहीणबाईंच्या घरी मात्र नव्हता. त्या नागपूरच्या, घरी एसी. चैत्रात देवाजींच्या लेकीच्या, म्हणजे करिष्माच्या ओटीभरणाला त्या ब्रह्मपुरीला आल्या, हात धुतले, आणि ओल्या हातांनी कूलरला टेकून उभ्या राहिल्या. मंजुषाबाई "अवं हात..." एवढंच म्हणाल्या. विहीणबाई तिथून ज्या उडाल्या त्या थेट ओटीच्या सुपाशेजारी येऊन बसल्या. मग त्यांनी अंबाडा सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्या सुनेचं बाळंतपण या घरात? नाई जमत."

"चप्पल घातली तं नाई मारत तो," देवाजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर ही गोष्ट झालीच नसती.

"असं काय? म्हणजे माहा नातू जन्माला आल्याबरोबर त्याच्या पायात चप्पल घालता काय तुमी?"

विहीणबाई करिष्माला घेऊन त्याच गाडीनं परत निघाल्या. फाटकाशी थांबून त्यांनी अट सांगितली, "वायरिंग चेक करून घ्या. लेखी दाखवा. थेव्हाच पोरगी पाठवीन. नाई तं आमच्याकडं दवाखाने कमी नाईत." करिष्मा मागच्या काचेतून आईकडं बघत राहिली. पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! मंजुषाबाई रडल्या नाहीत. त्यांनी बाळासाठी शिवलेली मऊ वाकळ घडी करून कपाटात ठेवली आणि त्या दिवसापासून देवाजींच्या ताटात लोणचं वाढणं बंद केलं. देवाजी समजले. वैशाख संपायच्या आत लेक घरी आणली नाही तर या घरात त्यांचं काही खरं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच ती भोंग्याची गाडी आली. देवाजींना वाटलं, सरकारनं आपली हाक ऐकली.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते तुमच्या वीज कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले. "घरातली वायरिंग तपासून पाह्यजे."

"मीटर फिरून राह्यलं?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"हो."

"बिल भरता?"

"दर महिन्याले."

"मग तक्रार काय हाये तुमची?"

देवाजींनी कूलर, विहीण, नातू असं सगळं क्रमवार सांगितलं. खिडकीतला माणूस चांगला होता, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे पाहा काका. खांबापासून मीटरपर्यंत आमचं. मीटरच्या आतलं तुमचं."

"पण गाडी तं तुमचीच फिरते, तपासणी करून घ्या म्हणून!"

"हो ना. मग घ्या ना करून. आमी नाई म्हटलं काय?"

इथं दुसरा कोणीही घरी गेला असता. देवाजी एसटीनं जिल्ह्याच्या गावाला गेले. तिथं दुसरी एक कचेरी होती, विजेच्या सुरक्षेचीच. तिथले साहेब आस्थेनं म्हणाले, "येतो ना आमी. का नाई येणार? अपघात झाला की लगेच येतो."

"अपघात होऊ नये म्हणून मी आलो, साहेब."

"म्हणजे अजून कोणी गेलं नाई?"

"नाई."

"मग कसं करता काका?" साहेबांनी हळहळून हात पसरले. "आमाले यायले काहीतरी पाह्यजे ना!"

परतीच्या एसटीत देवाजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. पंचवीस वर्षांत त्यांनी शेकडो अर्ज परत पाठवले होते, पण अर्जदाराला मरून या, असं कधी सांगितलं नव्हतं.

इकडं ले-आऊटमध्ये बातमी पोचली होती. देवाजींच्या कूलरला करंट आहे ही बातमी नव्हे, ती जुनी. देवाजी तो काढायला निघालेत, ही. आमच्याकडं प्रत्येक पुरुषाच्या खिशात टेस्टर असतो. पेन नसेल, रुमाल नसेल, टेस्टर असतो. संध्याकाळपर्यंत सात जणांनी कूलरला टेस्टर लावून पाहिला, सातही टेस्टरांत लाल दिवा लागला, आणि प्रत्येकानं "करंट आहे" असं इतक्या गंभीरपणे सांगितलं, जसं काही शोध लावला. एकानं पिन उलटी लावायला सांगितलं. ती उलटी लावताच कूलर गप्प झाला आणि फ्रीज मारायला लागला. ती पुन्हा सुलटी केली.

शेजारचे मुखरूभाऊ सगळ्यात शेवटी आले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, तेव्हापासून जगाचं स्टिअरिंग आपल्याच हातात आहे असं समजून चालणारे. त्यांनी कूलरकडं पाहिलं आणि निकाल दिला, "राहू दे गा देवाजी. थोडासा करंट पाह्यजेच कूलरले. त्यानं हवा गार येते."

"असं कुठी असते काय, भाऊ?"

"माह्या घरच्या कूलरले एक थेंब करंट नाई. अन हवा पाह्य कशी येते, भट्टीतल्यावानी!"

मुखरूभाऊंच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, कूलरखाली लाकडी पाट द्यायला सांगितलं. पाट दिला. कूलरला बसायला पाट मिळाला, एवढाच फरक.

शेवटी माणूस भेटला तो चहाच्या टपरीवर. रोशन खोब्रागडे, परवानाधारक ठेकेदार, राईस मिलचं काम घेऊन आला होता आणि टपरीवाल्याला मोठ्यानं सांगत होता की अख्ख्या तालुक्यात वायरिंग तपासायचं मशीन त्याच्या एकट्यापाशी आहे. देवाजींनी त्याचा चहा संपण्याआधीच त्याचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

"काका, मी करंटाची नाडी पाहतो," रोशन घरात शिरता शिरता म्हणाला. "डॉक्टरले चुकन, मले नाई." त्यानं दोन डबे बाहेर काढले, दोन्हींना फिरवायचं हँडल आणि वर काचेत काटा. "घरातल्या सगळ्या पिना काढा. एकबी ठेवाची नाई. हे मशीन हँडल फिरवलं की वायरीत जोराचा करंट सोडते, वायर कुठी गळते थे पाहाले."

सगळ्या पिना काढल्या. फक्त मुखरूभाऊंनी स्वतःच्या घरची लाइट वाचवायला मोबाइल देवाजींच्या पडवीतल्या बोर्डाला लावून ठेवला होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं. रोशननं हँडल फिरवलं. पडवीत फट्ट आवाज झाला, चार्जर काळा पडला, आणि मुखरूभाऊ भिंतीपलीकडून ओरडत आले, "कोन मारलं माह्या चार्जरले?"

पण खरी मौज पुढं होती. रोशन अर्थिंगच्या वायरीचा माग काढत निघाला. अर्थिंगची वायर म्हणजे घरातला चुकार करंट जमिनीत नेऊन पुरणारी. ती सॉकेटमधून भिंतीत गेली, भिंतीतून घराच्या पायात गेली, पायातून कुंपणाच्या भिंतीखाली गेली, आणि निघाली थेट मुखरूभाऊंच्या अंगणात. घरं बांधणाऱ्या ठेकेदारानं दोन घरांत मिळून एकच अर्थिंगचा खड्डा केला होता. आणि तो खड्डा मुखरूभाऊंनी चार वर्षांपूर्वी संडासाची टाकी खोदताना पार उखडून फेकला होता. उरल्या फक्त दोन घरांच्या वायरी, जमिनीत कुठंच न जाता एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसलेल्या.

"म्हणजे?" देवाजींनी विचारलं.

"म्हणजे यांची पाण्याची मोटर गळते," रोशननं मुखरूभाऊंकडं बोट दाखवलं. "तो करंट जमिनीत जायच्या ऐवजी तुमच्या घरी येते. कूलर तुमचा चांगला आहे, काका. करंट यांचा आहे!"

देवाजींच्या अंगात वीज संचारली. चार वर्षं! चार वर्षं चपला घातल्या, विहीण उडाली, लेक दुरावली, लोणचं बंद झालं, ते सगळं शेजाऱ्याच्या करंटापायी! ते तोंड उघडणार इतक्यात मुखरूभाऊच गरजले.

"तरीच! तरीच माहं बिल जास्ती येते! चार वर्षांपासून माहा करंट तुमी वापरून राह्यले, देवाजी?"

"वापरला? भाऊ, माह्या विहिणीले लागला तो!"

"विहीण कोनाची? तुमची. मग वापरला कोनं?"

या हिशेबावर दोघंही तांबडेलाल झाले. रुखमाबाई आणि मंजुषाबाईंनी आपापला नवरा आत नेला. रोशननं दोन्ही घरांच्या वायरी तोडून वेगळ्या केल्या, देवाजींच्या मीटरशी करंट गळला की आपोआप पडणारं बटण बसवलं आणि सांगितलं, मागच्या अंगणात पुरुषभर खड्डा खोदा, अर्थिंग नवी करू. मुखरूभाऊंना विचारलं तर ते म्हणाले, माहा करंट माह्या घरी आला, मले काही तपासाचं नाई.

खड्डा खोदला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा. अर्थिंगला ते लागतं. ले-आऊटला ते माहीत नव्हतं. मिठाचं पोतं रिकामं होताना पाहून रुखमाबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "कोनाले पुरून राह्यले व माय?"

शेवटची परीक्षा रविवारी. अर्थिंग पक्की झाली की नाही, ते दुसऱ्या मशीननं पाहायचं होतं. देवाजींनी नागपूरला फोन केला, "या. आज आकडा येते, लेखी देतो." विहीणबाई करिष्माला घेऊन निघाल्या. मंजुषाबाईंनी वाकळ पुन्हा काढून उन्हात टाकली. घरात सणासारखी गडबड. देवाजींना वाटत होतं, आपण आज काहीतरी मोठं करतोय. आणि खरंच, साहेब, ते करत होतेच.

या परीक्षेची रीत अशी. मशीन ठेवायचं खड्ड्याशी. तिथून दोन लांब वायरी सरळ रेषेत दूर न्यायच्या, आणि त्यांच्या टोकाला लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या. पण वैशाखातली बांधी! धान कापल्यावर तापून तापून लोखंड झालेली. पहिली खुंटी कशीबशी गेली. दुसरी वाकली. "ओली जमीन पाह्यजे," रोशन म्हणाला, आणि वायर वाढवून वाढवून त्यानं देवाजींना पार बोडीच्या काठावर पाठवलं. "तिथी बसा काका. खुटी हलू द्याची नाई, वरून पाणी टाकत राहा. मी इकून हँडल मारतो."

तर आता चित्र पाहा. भर दुपार. अंगात बनियन, कमरेला लुंगी, उन्हापायी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात हातोडा. जंगलाच्या कडेला, रानडुकरं ज्या पायवाटेनं पाण्यावर उतरतात त्याच वाटेवर एक माणूस उकिडवा बसला आहे, आणि त्याच्या पायाशी घराकडून आलेली वायर.

"उठाचं नाई! हात दिसले पाह्यजे!"

पळसामागून वनरक्षक नूतन मडावी बाहेर आली. खाकी कपडे, हातात काठी, मागं दोन वनमजूर. कोणीतरी या भागात तारेत करंट सोडून डुकरं मारत होतं आणि त्याच तारेत उद्या वाघ अडकेल म्हणून ही पोरगी महिनाभर उन्हातान्हात या बोडीवर डोळा ठेवून होती. आज तिला माणूस सापडला होता. तिच्या डोळ्यांत जो आनंद होता, तो देवाजींनी नंतर कित्येक दिवस विसरायचा प्रयत्न केला.

"काय करून राह्यले?"

"अर्थिंग पाहून राह्यलो, म्याडम."

"कोनाची?"

"माह्या घराची."

"घर कुठी?"

देवाजींनी बांध्यांच्या पलीकडं बोट दाखवलं.

"घर थे तिकडं, आन अर्थिंग बोडीवर! डुक्कर येऊन चेक करते काय तुमची अर्थिंग?" वनमजूर फिस्सकन हसले.

"म्याडम, या तारेत करंट नाई. आईशप्पथ नाई."

"नाई? मग लावा हात."

देवाजी सूचना पाळणारे. त्यांनी खुंटीवरून वायर सोडवली आणि उघडं टोक चिमटीत धरलं. नेमका त्याच घटकेला तिकडं रोशननं हँडल गरागरा फिरवलं. त्या मशीनचा करंट जीव घेणारा नसतो, पण झिणझिण्या उठवायला पुरतो. "ओय! ओय ओय ओय!" करत देवाजी बोडीच्या चिखलात बसले.

"घ्या," नूतन वनमजुराला म्हणाली. "आरोपीनं स्वतः करंट घेऊन दाखवला. लिहा." आणि तिनं जोरात शिटी फुंकली.

मग वरात निघाली. पुढं नूतन वायरीचा माग काढत, मध्ये चिखलानं माखलेले देवाजी, मागं वनमजूर, आणि बांध्याबांध्यांतून धावत आलेली माणसं. रोशन पाठ करून काट्यात डोळे घालून बसला होता, हँडल मारतच होता. "काका, खुटी कायले हलवली? काटा नाचून राह्यला ना!" तो ओरडला. त्याच्या खांद्यावर काठी टेकली तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं.

अंगणात पुरावाच पुरावा. नूतननं एकेक मोजलं. तारा, खुंट्या, हातोडा, दोन्ही मशीनं. मग तिची नजर खड्ड्याच्या कडेला गेली. अर्धं पोतं मीठ, एक बोरी कोळसा. ती हळूच म्हणाली, "वा! शिकार बोडीवर, आन भाजाची सोय घरी!"

"परवा मसालाबी नेला होता आमच्याकून," भिंतीवरून रुखमाबाई म्हणाल्या. मंजुषाबाईंनी तो वांग्याच्या भाजीला नेला होता, पण ते आता कोण ऐकतंय!

पंच म्हणून मुखरूभाऊ आनंदानं पुढं झाले. "माणूस सोज्वळ आहे, म्याडम," त्यांनी साक्ष दिली. "पण करंटाची सवय लागली त्याले. पहिले माहा खाल्ला चार वर्षं."

आणि नागपूरची गाडी फाटकाशी येऊन थांबली ती याच वेळी.

विहीणबाई उतरल्या. त्यांनी पाहिलं, व्याही मातीत बसलेले, बाजूला खाकी वर्दी, भोवती अख्खं ले-आऊट. "व्याही काऊन खाली बसले?"

"डुकराची केस आहे," रुखमाबाईंनी सांगितलं.

विहीणबाई गाडीकडं वळल्या. पण करिष्मा तोवर दुसऱ्या बाजूनं उतरली होती. जड पावलांनी, कमरेवर हात ठेवून ती गर्दीतून सरळ बापापर्यंत आली. "बाबा, तुमाले करंट लागला काय?" एवढंच तिनं विचारलं. अख्ख्या गर्दीत हे विचारणारी ती एकटी. देवाजींनी मान हलवली, ती हो की नाही हे त्यांनाही कळलं नाही. डोळ्यांत चिखल गेला होता, असं ते नंतर सांगत.

मंजुषाबाईंचा बांध तिथं फुटला, आणि फुटला तो वनखात्यावर. "म्याडम, आमाले काय डुकराचा शौक आहे काय? चार वर्षांपासून या घरात कूलर मारते. पोरगी पहिलटकरीण, माहेरी येत नाई त्याच्यापायी. ह्या माणसानं दोन कचेऱ्या पालथ्या घातल्या, कोनी आलं नाई! तुमी तेवढ्या आल्या, बिना बोलावता!"

नूतननं करिष्माकडं पाहिलं, ऊन पाहिलं. "ताईले सावलीत बसवा," ती म्हणाली. मग रोशनकडं वळली. "हे मशीन काय करते, चालवून दाखवा. पंचासमोर."

एका वनमजुरानं बोडीवर जाऊन खुंटी पुन्हा ठोकली आणि वायर तिला जोडली. रोशननं हँडल मारलं. सगळं ले-आऊट काचेवर वाकलं. काटा थरथरला, फिरला आणि पार खाली येऊन निवांत बसला.

"खाली बसला म्हणजे काय?"

"म्हणजे अर्थिंग एक नंबर," रोशन म्हणाला. "करंट गळला तं जमिनीत जाईल. माणसात नाई."

"आन डुकरात?"

"डुकरातबी नाई."

"लिहा," नूतननं सांगितलं. वनमजुरानं लिहिलं: सदर यंत्राने पंचांसमक्ष पाहणी केली असता घरातील अर्थिंग चांगली असून, विद्युतप्रवाह गळाल्यास तो जमिनीत जाईल, माणसात किंवा डुकरात जाणार नाही, अशी पंचांची खात्री झाली. खाली मुखरूभाऊंची सही, खाली शिक्का. देवाजींना ताकीद देऊन सोडलं. पण शिटी वाजली होती, वर कळवून झालं होतं. तारा, खुंट्या आणि दोन्ही मशीनं जप्त झालीच.

विहीणबाईंनी कागदाची नक्कल मागून घेतली. चष्मा लावून दोनदा वाचली. "डुकरात" पाशी थांबून त्यांनी व्याह्यांकडं एकदा पाहिलं. मग आत गेल्या, हात धुतले, आणि ओले हात तसेच नेऊन कूलरच्या पत्र्यावर ठेवले. विहीणबाई तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून कूलरसमोर बसल्या आणि गाडीतली करिष्माची बॅग आणायला सांगितली. "बापानं पोरीसाठी जंगलात जाऊन करंट खाल्ला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडच्यानं कधी एसीचा रिमोटबी शोधला नाई."

त्या दिवशी देवाजींच्या ताटात लोणच्याच्या दोन फोडी होत्या. करिष्मा राहिली, आणि ज्येष्ठात त्याच घरी बाळ आलं. पोरगी झाली. बाळाचं आणि कूलरचं चांगलं जमतं.

पण साहेब, गोष्ट तुमच्याकडून संपली, माझ्याकडून नाही. दुसऱ्याच सकाळी अख्खं ले-आऊट रोशनच्या दारात उभं होतं, आमचंही तपासा म्हणून. मुखरूभाऊ सगळ्यात पुढं, कारण आता त्यांच्या मोटरचा करंट त्यांच्याच घरात फिरतो आणि रुखमाबाई नळाला हात लावायला तयार नाहीत. रोशननं रिकामे हात दाखवले. तालुक्यातली तेवढी दोनच मशीनं वनखात्याच्या गोदामात, चोरट्या सागवानाच्या लाकडांखाली पडली आहेत. चार दिवसांनी साध्या कपड्यांत नूतन मडावी देवाजींकडं आली. तिच्या क्वार्टरातला कूलर मारतो, रोशनचा पत्ता पाहिजे होता. गोदामाची किल्ली तिच्याच कमरेला आहे, पण वरून हुकूम आल्याशिवाय तिलाही कुलूप काढता येत नाही.

तेव्हा साहेब, आता तोंड उघडा. जिल्ह्यात एका घराची चाचणी झाली, ती वनखात्यानं केली, आणि तीही माणूस शिकारी समजून पकडला म्हणून. बाकीच्या घरांनी काय करायचं? मीटरच्या आत येणारा तुमचा माणूस कोण? त्याचं नाव काय, तो बसतो कुठं? की दर घरातून एकेकानं तोंडाला दुपट्टा बांधून, खुंटी घेऊन बोडीवर जाऊन बसायचं, आणि कोणी शिटी फुंकते का, याची वाट पाहायची? सांगा. आम्ही थांबलो आहोत.